लॅमिनेशनखालचा चेहरा

फोटो हातात आला की तो माणूस आधी त्याचा वास घ्यायचा. गिऱ्हाईक समोर उभं, काउंटरवर मी, आणि हा आतल्या खोलीतून बाहेर येऊन फोटोच्या दोन कडा बोटांच्या टोकांनी धरायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "देवघरात होता काय?" किंवा "ट्रंकेतला हाय. डांबरगोळ्या." एका बहारिनी म्हाताऱ्याला त्याने मोडक्या अरबीत विचारलं, फोटोला माशांचा वास कसा? म्हातारा चाटच पडला. फोटो खरोखरच वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात टांगलेला होता.

"वास कशाला घेता हो?" मी एकदा वैतागून विचारलं. माझ्या मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

"कायनं खराब झाला ते समजते ना, ताई," तो म्हणाला. "धुरानं वेगळा खराब होते, पान्यानं वेगळा."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बहारीनमध्ये उम्म अल हस्समला एक कलर लॅब होती, तिथे आम्ही दोघं कामाला होतो. मी चिपळूणकडची, नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, झिंजमधल्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळले म्हणून काउंटर धरलेलं. तो वर्धेकडचा, एकटाच आलेला, सलमाबादला लेबर कॅम्पमध्ये राहणारा. वयाने माझ्याएवढाच असेल. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई. बोलताना आम्ही अहोजाहोच करायचो, पण आठवताना मात्र तो मला 'तो'च आठवतो. नाव लिहीत नाही. लॅबमध्ये त्याला नावाने कोणी हाक मारायचंच नाही, सगळे 'आर्टिस्ट' म्हणायचे, आणि ते त्याला अजिबात आवडत नसे.

"आर्टिस्ट नवीन काढते," तो म्हणायचा. "मी हाय तेवढंच काढतो."

मालकाने मोठ्या हौसेने आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून ठेवला होता. खराब झालेले रंगीत फोटो पुन्हा पहिल्यासारखे करून मिळतील, अशी पाटी इंग्रजीत आणि अरबीत दारावर लावली होती. तेव्हा हा प्रकार नवा होता. लोकांना वाटायचं, कॉम्प्युटरला सांगितलं की तो आपोआप करतो. प्रत्यक्षात आमचा हा माणूस दिवसदिवस पडद्याला डोळे लावून एकेक ठिपका भरत असायचा. शेजारची चांगली कातडी उचलायची, डागावर ठेवायची, कडा मिसळायच्या. त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकलं तर एकच पाऊल मागे जाता यायचं. दोन चुका लागोपाठ झाल्या की पहिली कायमची. त्यामुळे तो माऊस असा हलवायचा, जणू खाली कोणी झोपलेलं आहे.

आखातातले जुने फोटो बहुतेक लालच होऊन यायचे. उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळून रंग खाऊन टाकत. निळा आधी उडायचा, लाल मागे राहायचा. लग्नाच्या फोटोत अख्खं घराणं रागाने लालबुंद झाल्यासारखं दिसायचं. मी हसायचे. तो शांतपणे निळा थोडाथोडा परत आणायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसांचा राग उतरलेला असायचा. तेवढं झालं की मला हाक मारायचा, "ताई, या. मान्सं थंडी झाली."

कामाचे त्याचे दोन नियम होते. एक, आधी स्कॅन, मग हात. फोटो कितीही चुरगळलेला, चिकटलेला, बुरशी आलेला असो, जसा आला तसा आधी स्कॅन करायचा, त्यानंतरच सरळ करायचा, पुसायचा, काचेवरून सोडवायचा. दुसरा नियम, जे फोटोत उरलेलंच नाही ते काढायचं नाही.

या दुसऱ्या नियमापायी मॅनेजरशी त्याचं वाजायचं. गुहागरकडचा एक ड्रायव्हर आईचा फोटो घेऊन आला होता. कसर लागून आईच्या चेहऱ्याची चाळण झाली होती. तो म्हणाला, "माझी बहीण थेट आईच. तिचा फोटो देतो, तिचे नाकडोळे बसवा." याने फोटो परत दिला. म्हणाला, "भाऊ, बहिनीले आई बनवू काय?" मॅनेजरने आत बोलावून झाडलं. हा मान खाली घालून ऐकत राहिला आणि बाहेर येऊन पुन्हा नाहीच म्हणाला. ड्रायव्हरने दुसरीकडून काम करून घेतलं आणि मुद्दाम दाखवायला आला. याने बराच वेळ बघून फोटो परत केला. "बहीन चांगली दिसते तुमची," म्हणाला. मला हसू आवरेना, मी काउंटरखाली वाकून पावत्या शोधायला लागले.

अशी अडेलतट्टू माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर चिडायचं, आणि ती रजेवर गेली की दुकान ओकंबोकं वाटायचं. तो दोन वर्षांतून एकदा रजेवर जायचा. घरी बायको आणि मुलगी. मुलगी चार वर्षांची. माझी तिच्याहून थोडी मोठी. शाळा सुटली की माझी मुलगी लॅबमध्ये येऊन याच्या खोलीत ठाण मांडायची. तो तिचा फोटो स्कॅन करून त्याला मिशा काढायचा, शेपूट लावायचा. ती इंग्रजीत हुकूम सोडायची, "अंकल, मेक मी अ कॅट," आणि तो वऱ्हाडीत विचारायचा, "काळी का भुरी?" दोघांचं झकास जमायचं. तिच्याकडे बघताना त्याचा माऊस मधेच थांबायचा. मला कळायचं की तो आपल्या मुलीची उंची मोजतो आहे.

त्याच्या मुलीचा एकच फोटो होता. मागच्या रजेत, निघायच्या दिवशी, तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. बायको म्हणाली होती, एक मलाही ठेवा. हा म्हणाला, "तिकडं आपलीच लॅब हाय, पाहिजे तेवढ्या कॉप्या काढून पाठवतो." आणि ती एकुलती एक प्रिंट घेऊन आला. दमट हवेने खराब होऊ नये म्हणून आल्याआल्या लॅबच्या मशीनमध्ये घालून लॅमिनेट केली.

लॅमिनेशनचं तेव्हा आपल्या लोकांना वेडच होतं. सर्टिफिकेट असो, गणपती असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, सगळं प्लॅस्टिकमध्ये. माझ्या नवऱ्याने तर पुरणपोळीची कृतीही लॅमिनेट केली होती, आणि मला पुरणपोळी येत नाही हे पाहुण्यांना त्यावरूनच कळायचं. तर तो फोटो सलमाबादच्या खोलीत त्याच्या बिछान्याशी भिंतीवर राहिला. कॉप्या काढायच्या राहून गेल्या. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो स्कॅन करणारा माणूस स्वतःचा एक फोटो बॅगेत घालून आणायला विसरत राहिला. आपलीच तर लॅब, काढू उद्या, असं म्हणत.

फोन मीच उचलला होता. सलमाबादला फोन नव्हता म्हणून घरच्यांना लॅबचा नंबर दिलेला. गावच्या बूथवरून कोणीतरी पुरुष बोलत होता, आवाज तुटत होता. मी आत जाऊन याला बोलावलं. तो रिसीव्हर कानाला लावून "हो", "हो" म्हणत राहिला. मग विचारलं, "कवा?" मग पुन्हा "हो". फोन ठेवून तो आत गेला आणि अर्धवट राहिलेल्या फोटोवर काम करायला लागला. मी मागे जाऊन उभी राहिले.

"पोरगी गेली, ताई," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "तापानं. माती बी झाली काल."

मालक बाहेरदेशी, पासपोर्ट त्याच्या कपाटात. पण पासपोर्ट हातात असता तरी तो गेला असता असं मला वाटत नाही. "आता जाऊन कोनाले पाहू?" एवढंच तो म्हणाला. मी त्याच्यासाठी चहा केला. तो प्यायला नाही. मीही नाही.

काही महिने गेले. वर्षश्राद्धासारखा त्यांच्यात, बौद्धांमध्ये, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, वंदना असते, गेलेल्या माणसाचा फोटो फुलं वाहून ठेवतात. एका गुरुवारी बायकोचा फोन आला की कार्यक्रमाच्या दिवशी पोरीचा फोटो पाहिजे, मोठा, फ्रेममध्ये. माझ्याकडे तर तिचं काहीच नाही, ती म्हणाली, फ्रॉकसुद्धा सासूबाईंनी देऊन टाकले. तो म्हणाला, पाठवतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, लॅब बंद. शनिवारी सकाळी तो आला तेव्हा मी शटरखालून वाकून आत शिरत होते. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काउंटरवर उघडलं. पिवळा फ्रॉक होता, रिबिनी होत्या, दोन छोटे हात होते. कपाळ होतं आणि एका डोळ्याचा कोपरा होता. त्याखाली गळ्यापर्यंत नुसता पांढरा कागद. बाजूला सोललेलं प्लॅस्टिक, त्यावर लगद्यासारखा चिकटलेला रंग.

लॅमिनेशनमध्ये एका बाजूने बुडबुडा आला होता. त्याने खोलीतल्या कोणाचा तरी हेअर ड्रायर घेऊन प्लॅस्टिक गरम केलं आणि कोपऱ्यापासून सोडवलं. कोपरा सुटला म्हणून पुढे ओढलं. चेहरा प्लॅस्टिकबरोबर निघून आला.

मला इतका राग आला की मी ओरडलेच. "अहो, आधी स्कॅन, मग हात! तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? एक दिवस थांबता आलं नाही?"

तो म्हणाला, "प्लॅस्टिकवरून हात फिरवला का गार लागे, ताई. एकदा मधात काही नसताना हात लावावा वाटला."

माझा राग जागच्या जागी जिरला. अजून ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

त्याने सगळं करून पाहिलं. प्लॅस्टिकवरचा रंग उलटा स्कॅन केला, पडद्यावर सुलटा केला. कातडीचा रंग मिळाला, आकार नाही. तालुक्याच्या स्टुडिओत निगेटिव्ह असेल म्हणून मेव्हण्याला पाठवलं. तिथे आता चपलांचं दुकान होतं, जुन्या डब्यांचं काय झालं कोणाला ठाऊक नव्हतं. मग एक दिवस तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला. मान वर न करता म्हणाला, "ताई, तुमच्या पोरीचा एक फोटो द्याल का? समोरून काढलेला. कपाळाखालचा भाग पाहिजे होता. नाक, ओठ, हनुवटी. दोघींचा सारखाच होता, थोडाफार."

तुम्ही काय केलं असतंत, विचार करून बघा. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो भडकला. जिवंत मुलीचा चेहरा गेलेल्या मुलीला लावायचा, त्यावर फुलं वाहायची, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मलाही भीती वाटत होती. मी अशा गोष्टी मानत नाही असं दिवसा म्हणते. तरी दुसऱ्या दिवशी मी फोटो नेऊन दिला. त्याला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ज्याने परक्याच्या आईला बहिणीचे डोळे लावायला नकार दिला होता, तो आता माझ्या मुलीची हनुवटी उचलून आपल्या मुलीच्या फ्रॉकवर ठेवत होता. काम फार सुरेख झालं. जोड दिसत नव्हता. पडद्यावर एक गोड मुलगी उभी होती आणि मी तिला कधीच पाहिलेलं नव्हतं, तरी ती मला ओळखीची वाटत होती.

फ्रेम गावी जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवली. दूध पावडरचे डबे आणि साबणांच्या मध्ये कपड्यांत गुंडाळून. आपल्याकडे सगळं असंच जायचं, कोणा ना कोणाच्या बॅगेतून. काही दिवसांनी बायकोचा फोन आला. मी त्याला बोलावलं आणि बाजूला झाले, पण आमचं काउंटर केवढंसं, तिकडचा आवाजही ऐकू यायचा.

"पोरगी लय गोड काढली," ती म्हणाली. "पन कोनाची हाय?"

त्याने खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "त्या ताईच्या पोरीचं तोंड काढून घ्या त्याच्यातून. जिती हाय ती. जगू द्या तिले." आणि नंतर, हळूच, "आपलीचं नाक बसकं होतं. इसरले काय तुमी?"

विसरलाच होता. दोन वर्षांतून काही आठवडे पाहिलेलं मूल ते. त्याने माझ्या मुलीचा भाग पुसला आणि बायको सांगेल तसं हाताने काढायला बसला. नाक बसकं केलं. ओठ थोडे जाड. एक प्रिंट गेली. फोन आला, हसताना तिचं तोंड एका बाजूला जायचं. दुसरी गेली. गाल एवढे भरलेले नव्हते. तिसरी गेली. प्रत्येक वेळी कोणाची तरी रजा, कोणाची तरी बॅग. मॅनेजर आधी कुरकुरला, मग त्यानेही बोलणं सोडलं. पुण्यानुमोदनाचा दिवस आला आणि फोटोशिवाय निघून गेला. तरी हा पाठवत राहिला. मला वाटायचं, थांबवावं. पण काय सांगून थांबवणार? मूल माझं नव्हतं गेलं.

शेवटचा फोन बायकोचाच. त्या दिवशी ती रडत नव्हती, थकल्यासारखी बोलत होती.

"आता नका पाठवू," ती म्हणाली. "आधी डोळे मिटले का येत होती ते. चांगली साफ येत होती. आता तुमच्या चार-पाच जनी मधात येऊन उभ्या राह्यतात. माह्याकडं होती तेवढी बी चालली."

त्याने फोन ठेवला. आत गेला. मी गेले तेव्हा तो फाइल उघडून वेगवेगळे ठेवलेले थर एकेक करून काढून टाकत होता. जाड ओठ गेले, बसकं नाक गेलं, गाल गेले. शेवटी शनिवारी सकाळी काउंटरवर पाहिलं होतं तेच राहिलं. फ्रॉक, रिबिनी, हात, कपाळ आणि पांढरं. त्याने तीच प्रिंट काढली, तशीच, आणि पाठवून दिली.

बायकोने ती भिंतीवर लावली. मेव्हण्याने फोनवर सांगितलं की रोज फूल ठेवते, समोर बसते, बोलतेसुद्धा. हे ऐकून मला हायसं वाटलं. मी भाबडेपणाने म्हटलं, "बरं झालं भाऊ, मिळालं तिला काहीतरी."

"तिले मिळालं," तो म्हणाला. "तिले त्या पांढऱ्यात आपली पोरगी दिसते. मी डोळे फाडफाडून पाह्यलं, ताई. मले तिथं तुमची दिसते."

त्यानंतर त्याने माझ्या मुलीला खोलीत घेणं बंद केलं. ती दारावर टकटक करायची, आतून आवाज यायचा, "बिझी, बेटा, बिझी." ती रुसून माझ्याकडे यायची. थोड्या दिवसांनी त्याने लॅब सोडली. सलमाबादलाच दुकानांच्या पाट्या रंगवायच्या एका वर्कशॉपमध्ये गेला, असं मॅनेजरने सांगितलं. रजा येऊनही गावी गेला नाही हेही त्यानेच सांगितलं. त्या खोलीत दुसरा माणूस आला, चटपटीत होता. ज्याला जो चेहरा पाहिजे तो बसवून द्यायचा. गिऱ्हाइकं खूश होती.

तो मला एकदाच दिसला. मी मुलीला घेऊन डॉक्टरकडून परत येत होते, तो रस्त्यापलीकडे बस स्टॉपवर उभा होता. कपड्यांवर रंग सांडलेला, स्वतः पार वाळून गेलेला. मुलीने त्याला आधी पाहिलं. "अंकल!" ओरडून ती दोन्ही हात हलवायला लागली. तिचे पुढचे दात नुकतेच पडले होते, तोंडभर हसत होती.

त्याने पाहिलं. पाहतच राहिला. गाड्या जात होत्या, मधे दिसायचा, मधे नाहीसा व्हायचा, पण त्याची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. इतक्या भुकेने मी कोणाला कोणाकडे बघताना पाहिलेलं नाही. मग त्याने आमच्याकडे पाठ केली आणि बस येईपर्यंत बस स्टॉपच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुलीचे हात खाली आले.

"ही डिडन्ट नो मी," ती म्हणाली.

"मोठी झालीस ना तू," मी म्हटलं, आणि तिला ओढतच पुढच्या गल्लीत वळवलं, कारण बस आली होती आणि तो खिडकीशी बसला तर तिला पुन्हा दिसला असता.